उंबराच्या वळणावर गाडी थांबत नाही

आमच्या वन्संना हात वर करायची लई हौस. म्हणजे गाडीला. वेल्ह्याहून नसरापूरला जाणारा रस्ता देवीच्या देवळापासून उतार उतरतो आणि आमच्या खालच्या वस्तीपाशी नदीच्या कडेनं वळतो. त्या वळणावर एक उंबर आहे. तिथं थांबा असा कधी नव्हताच. पाटी नाही, शेड नाही. उंबराखाली उभं राहून हात केला की गाडी थांबायची, एवढाच आमचा थांबा. वन्सं हात असा करायच्या की जणू गाडी त्यांच्या बापाची आणि ड्रायव्हर पगारी ठेवलेला. मी म्हणायची, अहो जरा हळू, पडाल. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "पडून झालंय वैनी. आता काय पडायचं उरलंय?"

ते खरं होतं. वन्सं म्हणजे माझ्या मालकांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर त्या माहेरी आल्या. पुढं माझे मालक गेले आणि घरात आम्ही दोघी नणंद-भावजयच राहिलो. एका आवणीत, भात लावताना, बांधावरून घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ते जुळलं, पण वाकडं जुळलं. एक पाय आखूड झाला. सपाटीवर काठी टेकत त्या चालत, चढावर मात्र पाय उचलायचाच नाही. तरी बाई घरात बसली नाही. नाचणीचे पापड करायच्या, पावसाळ्यात रानभाजी निवडायच्या आणि टोपली घेऊन नसरापूरला एका किराणा दुकानाच्या पायरीशी जाऊन बसायच्या. घरात त्या नणंद, वस्तीत आत्या, आणि नसरापुरात "पापडवाल्या मावशी". ते तिसरं नाव त्यांना फार आवडायचं, कारण ते त्यांनी स्वतः कमावलेलं होतं. त्यांचा लेक पुण्याच्या कडेला कंपनीत नोकरीला. "आई, चल माझ्याकडं," असं तो दर दिवाळीला म्हणायचा. ह्या म्हणायच्या, उंबराखाली गाडी थांबते तवर मी कुठं येत न्हाई.

म्हणजे बघा, त्यांचं सगळं त्या वळणावर टांगलेलं होतं. पाय नव्हता, गाडी होती. गाडीच त्यांचा पाय.

मग रस्ता सिमेंटचा करायचं निघालं. नुसता रस्ता नाही, त्याबरोबर एक योजनाही आली. नव्या गाड्या येणार, त्या वाटेत कुठंही थांबणार नाहीत, ठरलेल्या थांब्यावरच थांबणार. आणि थांबा म्हणजे नुसती शेड नव्हे. थांब्यापासून चालत जाता येईल एवढ्यात रेशनचं दुकान, दवाखान्याची खोली, पाळणाघर, आणि ज्यांना जागा नाही त्यांना घरकुलं. म्हातारी माणसं, अपंग, एकट्या बायका, सगळ्यांचा विचार करून वस्ती वसवायची. खोटं कशाला बोलू, ऐकून मला भरून आलं. आजवर रस्ते झाले ते मोटारवाल्यांसाठी. कुणी म्हणालंच नव्हतं की रस्ता म्हातारीच्या पायाकडं बघून आखायचा असतो.

एका संस्थेची माणसं त्यासाठी गावात आली. पुण्याची एक मुलगी होती, कुडता घातलेली, गोड बोलणारी. आधी बायकांची वेगळी बैठक घ्यायची असं तिनंच ठरवलं, कारण पुरुष असले की बायका बोलत नाहीत. ह्यातही तिचं काही चुकलं नाही. बैठक शाळेच्या खोलीत, म्हणजे देवळाशेजारी. आम्ही दोघी दुपारीच निघालो. चढ चढताना वन्सं मधल्या दगडावर बसल्या आणि काय बोलायचं ते मला म्हणून दाखवलं. थांबा वळणावर पाहिजे, खालच्या वस्तीत एकट्या बायका जास्त, त्यांच्या घरात मोटारसायकल चालवणारं कुणी नाही, वरच्या आळीच्या बायका तर लेकांच्या मागं बसून जातात, गाडीत दिसतात कधी? एवढं सगळं म्हणून मग विचारलं, "जास्त तिखट झालं का?" मी म्हणाले, शेवटचं जरा कमी करा.

खोलीत सतरंजीवर मोठा नकाशा पसरला होता. आभाळातून पाखराला दिसावं तसं आमचं गाव. बायकांना तर खेळच मिळाला. ही माझी विहीर, हा तुझा गोठा, आणि हे काळं काय दिसतंय, तुझी सासू व्हय? असं चाललेलं. माझं घर मला सापडेना. उंबर मात्र लगेच सापडला, हिरवा ठिपका, आणि वन्संनी माझ्या कानात सांगितलं की त्याची सावली नदीकडं पडलीय, म्हणजे फोटो सकाळचा आहे.

मग त्या मुलीनं पिशवीतून टिकल्यांची पाकिटं काढली. लाल, मोठ्या टिकल्या. म्हणाली, थांबा कुठं हवा, घरं कुठं हवीत, तिथं प्रत्येकीनं टिकली लावायची. लिहायला नको, वाचायला नको, बायकांना आपलंसं वाटेल असं काहीतरी.

आपलंसं वाटलं, ते खरंच आहे. इतकं वाटलं की ती बैठक राहिलीच नाही, हळदीकुंकू झालं. उपसरपंचांची आई सगळ्यात थोरली सवाशीण. पाकीट पहिलं तिच्या हातात गेलं. तिनं टिकली काढली, कपाळाला टेकवली आणि नकाशावर देवळाला लावली. पहिला मान देवीचा. झालं. तिच्यामागून जी उठली तिनं तिथंच लावली. देवीला सोडून रस्त्याला कोण लावणार? आमच्या वस्तीतली एक नवी सून वाकली, तिचं बोट उंबराकडं चाललेलं मी ह्या डोळ्यांनी पाहिलं. मग तिची सासू खाकरली आणि बोट चढ चढून देवळात गेलं. सगळ्या टिकल्या एकावर एक. देऊळ दिसेना झालं, नुसता लाल ढीग.

आणि आम्ही? आम्ही भिंतीला. खालच्या वस्तीतल्या बायका बऱ्याचशा आमच्यासारख्याच, कपाळ मोकळं असलेल्या. टिकल्यांचं पाकीट निघालं तशा आम्ही एकेक करून मागं सरकलो होतो. कुणी सांगितलं नाही आम्हाला. आताशा तरण्या विधवा लावतात टिकली, कुणी काही म्हणत नाही, आणि चांगलंच आहे ते. पण आमच्या वयाच्या बाईचा हात टिकली दिसली की आपोआप पदराखाली जातो. मांजर पाण्यापासून सरकतं तसा. त्यात विचार कसला नसतो. माझाही गेला.

ती मुलगी पाकीट घेऊन वन्संपाशी आली. वाकून म्हणाली, "आजी, तुम्ही राहिलात. लावा ना."

वन्संचे दोन्ही हात पदराच्या आत. मागून कुणीतरी हळूच सांगितलं, "त्या न्हाई लावत." मुलीच्या आधी ध्यानात आलं नाही, मग आलं. तिचं तोंड पार उतरलं. सॉरी आजी, सॉरी, असं चार वेळा म्हणाली आणि पाकीट पाठीमागं लपवत निघून गेली. पुन्हा आमच्या बाजूला आलीच नाही. बिचारीला वाटलं, आधीच दुखावलंय, आता आणखी काय विचारायचं.

आम्हाला वाटत होतं तोंडी विचारतील. टिकल्या हा आधीचा भाग, मग बोलणं होईल, मग वन्सं ते दगडावर म्हटलेलं सगळं म्हणतील. आम्ही वाट बघत बसलो. चहा आला. मग फोटो काढला. मग मुलीनं सगळ्यांचे आभार मानले.

उतरताना वन्सं नुसत्या चालत राहिल्या. मधला दगड आला तिथंही बसल्या नाहीत. घरी आल्यावर चुलीपुढं बसून म्हणाल्या, "माफी कशाला मागायची, वैनी? एक खडा द्यायचा हातात. खडा ठेवला असता मी."

इतकी साधी गोष्ट. शाळेच्या दारात खड्यांचा ढीग होता.

तरी आशा सुटली नव्हती. आम्हाला वाटलं, नकाशावर टिकल्या लावल्या म्हणून काय कुणी थांबा बांधतं का, मोठी शिकलेली माणसं ती, मोजमाप करतील, कोण कुठून चढतं ते बघतील. पुढं भात काढणीला आलं तेव्हा देवळापुढं खड्डे खणायला सुरुवात झाली. वन्संनी विचारलं, मांडव घालतायत का? मांडव नव्हता, थांब्याची शेड होती.

ग्रामपंचायतीत गेलो तर म्हणाले, हे आम्ही नाही, तुम्हा बायकांनीच ठरवलंय. वेल्ह्याला जा. आता तालुक्याचं नाव बदललंय, पण आमच्या तोंडात वेल्हंच. मग वेल्ह्याला गेलो. तिथले साहेब फार भले. त्यांनी खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. वन्संनी दगडावरचं सगळं त्यांना सांगितलं, तिखटासकट. साहेबांनी मान हलवत ऐकून घेतलं. मग म्हणाले, तुमची अडचण कळते, पण ही योजना महिलांच्या सहभागातून झालीय, अशी जिल्ह्यात कुठं झाली नाही. आणि कॉम्प्युटर आमच्याकडं फिरवला. त्यावर तो फोटो. नकाशाभोवती बायका, मध्ये लाल ढीग, पाठीमागं भिंतीला आम्ही.

"ह्या तुम्हीच ना आजी? पुढच्या रांगेत नसलात तरी होतात की तिथं."

वन्संनी पुढं वाकून बराच वेळ पाहिलं. "व्हय, मीच," त्या म्हणाल्या. "माझं हात कुठं हायती बघा सायेब त्यात."

साहेबांनी पाहिलं. त्यांना काही दिसलं नाही. काही नव्हतंच ना दिसण्यासारखं, पदर होता. ते म्हणाले, छान आलाय फोटो. पुढच्या टप्प्यात वळणाचा विचार करू.

परतताना नवीच गाडी मिळाली. थंडगार, दार आपोआप मिटणारी. वन्संनी कंडक्टरला सांगितलं, वळणावर उतरव बाबा. ते पोरगं आमच्या ओळखीचं, पूर्वी उंबराखाली वन्संची टोपली खाली घ्यायचं. त्यानं वर बोट दाखवलं. "मावशी, कॅमेरा हाय गाडीत. माझी नोकरी जाईल." त्याला काय बोलणार? आम्ही देवळापाशी उतरलो. आणि उभं राहून पाहिलं, आमची गाडी आमच्याच घरावरून, उंबराखालून, नदीच्या वळणानं निघून गेली. आम्हाला तिथपर्यंत काठी टेकत उतरायचं होतं.

शेड मात्र देखणी बांधली, नाही म्हणू नये. बसायला गुळगुळीत कट्टा, आंधळ्यांसाठी पिवळ्या फरशा, पांगळ्यांच्या चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्प, त्याला चकचकीत दांडा. वन्सं पहिल्यांदा तिथं पोचल्या तेव्हा दम लागून दांड्याला धरून उभ्या राहिल्या. श्वास बसल्यावर म्हणाल्या, "ह्या रॅम्पापतुर यायला खालनं एक रॅम्प बांधा म्हणावं."

पहिले काही बाजार त्या चढल्या. मी टोपली डोक्यावर घ्यायची, त्या मधल्या दगडावर बसायच्या, मग पुढच्या झाडाखाली, मग नुसत्या रस्त्याच्या कडेला. बसून उठताना तोंडातून आवाज येऊ नये म्हणून ओठ आत घ्यायच्या. कधी पोचेपर्यंत गाडी गेलेली असायची. वरच्या आळीतलं कुणी मोटारसायकलवरून गेलं तर विचारायचं, आत्या, सोडू का? पण त्या पायानं मोटारसायकलवर टांग टाकता येत नाही. आणि शेअर रिक्षावाल्यांचं असं की म्हातारीला चढायला वेळ लागतो, तेवढ्यात पुढचं गिऱ्हाईक दुसरा नेतो. तेव्हा काठी दिसली की ते वेग वाढवायचे. शिव्या द्याव्यात असंही नाही, त्यांचीही पोटं आहेत.

घरकुलांचं काय झालं तेही सांगते. थांबा देवळाशी आला तशी तिथली जमीन महाग झाली. पुण्याच्या लोकांनी प्लॉट घेतले, गड दिसतो म्हणून. एक हॉटेल झालं. घरकुलांसाठी जी जागा दाखवली होती ती एवढी मोक्याची निघाली की गरिबाला देणं कुणाला परवडेना. आता घरकुलं डोंगराच्या अंगाला, आणखी वर, पुढच्या टप्प्यात. पुढचा टप्पा हा शब्द मी इतक्यांदा ऐकलाय की मला वाटतं ते एखादं गावच असावं आणि तिथं आपली सगळी कामं झालेली असावीत.

पावसाळ्यात सिमेंट निसरडं झालं आणि वन्सं थांबल्या. आजचा बाजार राहू दे, म्हणाल्या. मग पुढचाही. पापड करून ठेवलेले, ते सादळले. मी एकटी टोपली घेऊन गेले तर दुकानाच्या पायरीशी दुसरीच बाई बसलेली, मेथीच्या जुड्या घेऊन. दुकानदारानं विचारलं, मावशी कुठायत? मी म्हणाले, येतील. तो म्हणाला, जागा रिकामी किती दिवस ठेवणार? हे मी घरी सांगितलं नाही. वन्संनीही विचारलं नाही. टोपली पाहिली, भरलेली परत आली होती, मुकाट्यानं उचलून आत ठेवली.

त्या दिवसापासून त्यांचं बोलणं कमी झालं. दारात बसायच्या. गाडीचा आवाज आला की मान वर. गाडी गेली की मान खाली. मी म्हणायची, आत चला, ऊन आलंय. यायच्या. पूर्वीसारखं उलटून बोलायच्या नाहीत, तेच मला सोसेना. मी कुणाशी भांडायचं?

दिवाळीला लेक आला. पोरगा वाईट नाही. आईचं वाळलेलं तोंड बघून त्याला रडू आलं. आई चल म्हणाला, आणि ह्या वेळी वन्सं नाही म्हणाल्या नाहीत. दोन लुगडी, औषधं, देवीचा फोटो, एवढंच घेतलं. पोळपाट-लाटणं मी पिशवीत घातलं तर त्यांनी काढून ठेवलं. तिकडं सगळं विकत मिळतं म्हणाल्या.

लेकानं मोटार आणली होती. दारापर्यंत येत नाही, म्हणून ती उंबराखाली उभी केली. आम्ही दोघी काठी टेकत तिथवर गेलो. बसण्याआधी त्यांनी एकदा उंबराकडं पाहिलं, एकदा मोटारीकडं. आणि कितीतरी महिन्यांनी त्यांच्या तोंडावर ते जुनं तिखट हसू आलं. "बघा वैनी," म्हणाल्या, "थांबली का न्हाई गाडी उंबराखाली?"

मी पिशवी आत ठेवून दार लावलं.

आता फोन येतो. तिसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट आहे, पण तिच्यात एकटीला भीती वाटते, आणि लेक-सून दिवसभर कामावर. एकदा मी विचारलं, तिथं गाड्या आहेत का हो? तर सांगायला लागल्या, अगदी पूर्वीच्या आवाजात. खिडकीतून खालीच थांबा दिसतो. गाडीमागून गाडी येते. हात करावा लागत नाही, आपोआप थांबते. दार उघडलं की गाडी एका बाजूला खाली बसते, म्हाताऱ्या माणसाला पाय उचलायला नको म्हणून. उंटासारखी बसते वैनी, म्हणाल्या, बघत ऱ्हावं असं.

मला आनंद झाला. मी म्हणाले, मग जात जा की कुठंतरी.

मग त्या म्हणाल्या, "थांबा दारात हाय वैनी. जाऊ कुठं?"

नसरापूरची पायरी गेली, आमचं दार लांब राहिलं. ज्या गावात कुणी ओळखीचं नाही तिथं दारातल्या थांब्यावरून माणूस कुठं जाणार?

मी इथंच आहे. माझे गुडघे आता कुरकुर करायला लागलेत. चढ अजून चढते, मधल्या दगडावर बसते. वस्तीतली ती नवी सून, जिचं बोट उंबराकडं चाललं होतं, ती पोराला काखेत घेऊन चढते आणि दवाखान्याच्या खोलीला कुलूप बघून उतरते. गाडी वेळेवर येते, त्यात नाव ठेवायला जागा नाही. वळणावर जराही हळू होत नाही. पूर्वी गाडी गेल्यावर उंबराखाली थोडा वेळ धूळ उडत राहायची. आता रस्ता सिमेंटचा. धूळसुद्धा उडत नाही.